आमच्या जिनातलं बंदर

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, हे मले शाळेत छडी खाऊन पाठ झालं होतं. तरी मॅट्रिक होऊन मी दिग्रसच्या रस्त्यावरल्या, कापसातली सरकी काढाच्या एका जिनात चिठ्ठ्या फाडाच्या नोकरीले लागलो, अन् पह्यल्याच दिवशी गेटात एका माणसानं हात आडवा करून मले थांबोलं.

"बाबू, जपून. ओहोटी सुरू हाय."

मी खाली पाह्यलं. काळी माती, उडालेला कापूस अन् बैलाचं शेण. पाणी म्हणाल तं टाकीच्या नळाखाली बोटभर.

"ओहोटी म्हणजे?"

"गेटावर बंड्या नाहीत. सकाळी भरती होती, ते तू पाह्यली नाही."

हे आमचे यार्डाचे साहेब. कापसाच्या बैलबंड्या आत घ्याच्या, ओट्याले लावाच्या, रिकाम्या करून बाहेर काढाच्या, एवढंच त्यायचं काम. पण तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत होते, अन् येतानी सारी गोदी डोक्यात भरून आणली होती. गाव त्यायले बंदरसाहेब म्हणे. आमच्याकडे अर्धं बोलणं हिंदीत चालते, त्याच्यामुळं या नावात गावाले दुप्पट मजा येई. ते त्यायच्या कानावर जाई, पण ते म्हणत, "मासे जहाजाले तोंड वाकडं करून दाखोतात. जहाज थांबते का?"

मले लहानपणापासून नकलेचा नाद. शाळेत मी हेडमास्तरसारखा खोकललो का अख्खा वर्ग उठून उभा राहे. म्हून बंदरसाहेबाचा आवाज मी पह्यल्याच हप्त्यात काखेत मारला. सोपा होता. नाकातून काढाचा, अन् समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असला तरी तो दुसऱ्या जहाजावर उभा हाय असं समजून बोलाचं. ते आपल्या बायकोलेबी तसंच बोलत. "भाकर... वाढली... का?" हे तिसऱ्या गल्लीत ऐकू जाई, अन् तिथली एखादी म्हातारी उत्तर देई, "वाढते हो बाप्पा, दम धरा."

डोक्यावर दर्यावर्दी टोपी. ते त्यायनं एका बँडबाजेवाल्याकडून घेतली होती. समोर पितळी बिल्ला होता, पण बिल्ल्यावर जहाज नाही, तुतारी. ते बिल्ला अंगठ्यानं झाकून टोपी नीट करत, म्हून सारा वेळ सलाम करून राह्यले असंच वाटे.

त्याच सुमारास दिल्लीनं आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला. गावाले फरक एवढाच पडला का कचेरीतला कारकून पह्यले 'कागद नागपूरले गेला' म्हणे, तो आता 'मुंबईले गेला' म्हणाले लागला. कागद दोन्हीकडून परत येत नव्हता. पण बंदरसाहेबाले मातर नवे पंख फुटले.

"राजधानी कोणती?" त्यायनं मले इचारलं.

"मुंबई."

"मुंबईचा समुद्र कोणाचा?"

"मुंबईचा."

"चूक. साऱ्या राज्याचा. मंग त्याच्यात यवतमाळ जिल्ह्याचा हिस्सा हाय का नाही?"

"असंन बाप्पा."

"मंग तो हिस्सा इथी सांभाळाले नको का कोणी?"

तो हिस्सा ते आमच्या जिनात सांभाळत होते. कापूस उतरवाचे तीन ओटे, ते धक्का नंबर एक, दोन, तीन. फुटक्या गाठीची रांग लावून हवा अन् मोकाट गाई अडोल्या होत्या, ते लाटा अडवाची भिंत. गाठी वर उचलाची कप्पी, ते यारी, म्हणजे गोदीतली क्रेन. चाकामागं लावाचा दगड म्हणजे नांगर, अन् गेटाबाहेरचं निंबाखालचं मैदान म्हणजे बाहेरचा समुद्र. पाण्याच्या टाकीवर एक लाकडी खोली ठोकून घेतली होती, तिच्यात लाल कंदील अन् घासलेटच्या डब्याचा भोंगा. ते दीपस्तंभ. तिथून माणूस दिसत नसे, खिडकीतून भोंग्याचं तोंड तेवढं दिसे, अन् त्याच्यातून आवाज येई, "धक्का... नंबर... दोन."

सरकीच्या कोठीमागं एक कोपरा होता, तिथी पिवळा झेंडा. आमच्याकडे काही लोक कापूस आणाच्या आधी त्याच्यावर पाणी शिंपडत. वजन वाढते. अशी बंडी पकडली का तिच्यावर पिवळा झेंडा लागे, अन् कापूस वाळेपर्यंत तिले त्या कोपऱ्यात उभं करत. "आजारी जहाज," बंदरसाहेब म्हणत. "रोग धक्क्यावर पसरू द्याचा नाही."

हे सारं शेठ काहून चालू देत होते? शेठले समुद्राशी घेणंदेणं नव्हतं. पण पह्यले आमच्या यार्डात बंड्या एकमेकीत जू अडकवून उभ्या राहत, तिथी आता सरळ रांग लागे. शेठ म्हणत, "येडा हाय, पण कामाचा हाय. शहाणे ठेवून पाह्यले मी."

रांगेचा नियम मातर गावाच्या पोटात दुखाले लागला. पह्यले मानाप्रमाणं बंड्या घुसत. पाटलाची आधी, मंग देशमुखाची, मंग बाकीच्यायची, अन् तांड्यावरल्या बंड्यायले दिवस बुडाले नंबर येई. बंदरसाहेब म्हणत, "बंदर मोठं जहाज, लहान जहाज पाहत नाही. नांगर कोणी आधी टाकला, ते पाहते."

या बंदरावर मनापासून इस्वास ठेवणारा एकच माणूस होता, तांड्यावरचा म्हातारा नायक. पह्यल्यांदा त्यानं हे सारं ऐकून घेतलं, पागोटं सारखं केलं, अन् म्हणाला, "साची वात छ. खरी गोष्ट हाय. माहा आजा बैलावर माल लादून मुलूखभर फिरे. लदेणी म्हणत आमच्यात. समुद्राचं मीठ त्यानंच आणलं या भागात. तुमच्या आज्याच्या वरणात आमच्या बैलाचा घाम हाय सायेब." बंदरसाहेबानं त्याले कडक सलाम ठोकला. त्या दिवसापासून नायकाची बंडी म्हणजे मित्रराष्ट्राचं जहाज.

आता पायलटचं सांगतो.

गेटातून आत शिरलं का डाव्या हाताले एक खोलगट जागा होती. टाकीचं पाणी तिथी मुरे, वरून कापसाची धूळ बसे, अन् ते कोरड्या जमिनीसारखी दिसे. एकदा एक बंडी आखापर्यंत त्याच्यात गेली. बंदरसाहेबाले तं आनंद झाला. "उथळ सापडलं. बंदराले उथळ असलं का पायलट पाह्यजेच."

पायलट म्हणजे काय, ते त्यायनं हमालायले बसोवून सांगतलं. केवढंबी मोठं जहाज असो, बंदराच्या तोंडाशी कप्तानानं बाजूले सराचं. बंदराचा माणूस चढते, तो जहाज आत आणते. तसं आमच्या गेटावर धुरकऱ्यानं खाली उतराचं, कासरा पायलटच्या हाती द्याचा. पायलट म्हून त्यायनं सुदामले निवडलं.

सुदाम हमालच होता. पण बैल त्याचं ऐकत. मारकुंडा बैलबी त्यानं कानामागं खाजवलं का सासरी आलेल्या जावयासारखा शांत होई. सुदामच्या घरच्यायनं थोड्याच दिवसाआधी बुद्धाची दीक्षा घेतली होती, घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. गेटासमोरच्या हाटेलात मातर त्याचा कप अजून बाहेरच्या खिळ्यालेच होता. कान तुटलेला. देव गेले, कप राह्यला.

बंदरसाहेबानं सुदामले धुरेवर चढोलं, अन् संगं एक नियमबी काढला. पायलट जहाजावर चढला का कप्तानानं त्याले चहा द्याचा. आपल्या हातानं, आपल्या कपात. पह्यले पायलट पिईन, मंग कप्तान.

शेठ बंडीवाल्यायले फुकट चहा पाजत, एका बंडीले एक कप. त्याच कपाचा हा नियम. नायकानं पह्यल्याच दिवशी सुदामले कप देला, वरून बिडीबी देली. ज्यायले घाई होती त्यायनंबी देला. पण बाकी लोकायले त्या हंगामात जेवढे उपास लागले, तेवढे आमच्या भागात कधी झाले नसतीन. गेटावर आलं का ज्याले त्याले उपास.

"आज कोणता उपास हाय भाऊ?"

"सोमवार."

"आज बुधवार हाय."

"मागचा राह्यला होता."

उपासाच्या माणसानं चहा न पेता कासरा तेवढा सुदामच्या अंगावर टाकाचा, अन् दूर उभं राहाचं. सुदाम कासरा झेलून बंडी आत नेई. मी त्याले एकदा इचारलं, "तुले राग नाही येत?" तो म्हणाला, "येते ना. पण राग आला का बैलाले समजते. मंग बंडी वाकडी लागते."

असं चाललं होतं, अन् मंग पाटलाचा कापूस आमच्याकडे याचं ठरलं.

पाटील म्हणजे पलीकडच्या मोठ्या गावचे. त्यायचा कापूस दरसाल दिग्रसले जाई. यंदा शेठनं जाऊन, पाया पडून त्यायले वळोलं होतं. आदल्या दिवशी शेठ यार्डात आले, अन् बंदरसाहेबाले म्हणाले, "हे पाहा, पाटील हसत आले अन् हसत गेले पाह्यजेत. काही वाकडं झालं तं तुमचं बंदर बंद. अन् सुदाम परत पोते उचलाले. समजलं?"

"समजलं," बंदरसाहेब म्हणाले. सुदाम बाजूलेच उभा होता. त्यानं कासऱ्याचा पीळ सोडला, अन् परत घातला.

सकाळी पाटलाच्या बंड्या आल्या. पुढच्या बंडीवर पाटील सोता, कापसावर जाजम टाकून बसलेले. पांढरं धोतर, नवा करकरीत जोडा. बाजूले गडी, गड्याच्या हातात पितळी केटली अन् चांदीचा पेला. पाटील बाहेरचा चहा पेत नसत.

गेटावर रांग होती. नायकाची बंडी पह्यली. पाटलाचा धुरकरी रांग सोडून पुढं आला.

खिडकीतून भोंगा बोलला, "कप्तान... नांगर टाका. तुमचा नंबर... पाचवा."

"कोण बोलून राह्यलं हे?" पाटलानं मले इचारलं.

"दीपस्तंभ," मी म्हणालो. दुसरं काय सांगू?

शेठ धावत आले, हात जोडून म्हणाले का पाटीलसाहेब, तुम्ही चला आत. नायकानं आपले बैल मागं घेतले. त्याले सवय होती. सुदाम धुरेजवळ गेला, कासऱ्यासाठी हात पुढं केला.

पाटलानं त्याच्याकडे पाह्यलंच नाही. ते शेठले म्हणाले, "माह्या बैलाले माहा माणूस हाय. ह्याले बाजूले करा."

सुदाम बाजूले झाला. धक्का नंबर एकच्या ओट्यावर जाऊन बसला. मले वाटलं, बुडालं आपलं बंदर.

पाटलाच्या धुरकऱ्यानं बैल हाकलले. कोरडी सपाट जागा पाहून त्यानं डाव्या हाताले वळोलं. बंडी ऐटीत चार पावलं गेली, अन् मंग खाली बसली. बसली म्हणजे गाय बसते तशी, सावकाश. चिखल आखाले लागला. बैल गुडघ्यापर्यंत आत. पाटील जाजमावर तिरपे झाले, चांदीचा पेला गड्यानं वरच्यावर धरला म्हून वाचला.

मागं गेट अडलं. आत येता येईना, बाहेर जाता येईना. बाहेरचा समुद्र बंड्यायनं भरत चालला. धुरकऱ्यानं बैलायले लय हाणलं, शिव्या देल्या, बंडी अजून बोटभर खाली गेली. पाटलाले उतरता येत नव्हतं, कारण नवा जोडा.

शेठ हमालायवर ओरडले, "पाहून काय राह्यले बे? ढकला ना."

हमालायचा मुकादम म्हणाला, "ढकलतो शेठजी. पण बैलासमोर पायलट पाह्यजे. नाही तं बैल माणसावर येईन."

हे खरं होतं. अन् हे खरं हाय हे पाटलालेबी समजत होतं, कास्तकार माणूस होता तो. त्यायनं ओट्यावर बसलेल्या सुदामकडे पाह्यलं. मंग शेठकडे. शेठ टाकीकडे पाहून राह्यले होते.

भोंगा बोलला. "फसलेल्या जहाजाच्या... कप्तानाले... कळवण्यात येते का... पायलट हजर हाय. चहा... तयार... ठेवा."

"कायचा चहा?" पाटील म्हणाले.

गड्यानं हळूच सांगतलं का इथला नियम हाय, आपल्या कपात द्या लागते.

सारं यार्ड पाटलाच्या तोंडाकडे. उपासवालेबी जवळ येऊन उभे राह्यले. पाटलायनं पेल्याकडे पाह्यलं, चिखलाकडे पाह्यलं, जोड्याकडे पाह्यलं. मंग गळा साफ करून सगळ्यायले ऐकू जाईन असं म्हणाले, "मी ह्याले देऊन नाही राह्यलो. मी पायलटले देऊन राह्यलो. लक्षात ठेवा."

सुदाम चिखलात उतरला, बंडीपाशी आला. "बरं पाटील," तो म्हणाला. "पायलट साखर जास्त घेते."

गड्यानं साखर टाकली. पाटलानं वाकून पेला देला. सुदामनं उभ्या चिखलात तो चहा असा सावकाश पेला, का मागं बंड्यायमधले बैलबी बसले. पेला परत देऊन तो पुढं गेला, दोन्ही बैलायच्या कानामागं खाजवलं, त्यायले काहीतरी बोलला. हमालायनं मागून खांदा लावला. बंडी निंगाली, अन् सरळ धक्का नंबर एकले लागली.

पाटील हसले. शेठ हसले. मी खरंच देवाले हात जोडले. अन् तेवढ्यात सुदामनं सवयीप्रमाणं कापसात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, अन् टाकीकडे पाहून म्हणाला, "साहेब, जहाज आजारी हाय."

"दव पडलं असंन रस्त्यात," पाटील म्हणाले.

तवा चैताचं ऊन तापून राह्यलं होतं. चिमणी टाकीच्या सावलीतून हलत नव्हती.

"लाटा उसळल्या असतीन," भोंगा म्हणाला. "पिवळा झेंडा लावा."

पाटलाच्या बंड्या सरकीच्या कोठीमागं वाळत उभ्या राह्यल्या, अन् पाटील तिथीच जाजमावर बसून राह्यले. जातानी ते हसले नाहीत.

हंगाम संपेपर्यंत शेठनं कळ काढली, अन् मंग बंदरसाहेबाले मोकळं केलं. ते भांडले नाहीत. टोपी काखेत मारून पुसदच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर उभे होते, मी अन् सुदाम पोहोचवाले गेलतो. मी इचारलं, "साहेब, आता तरी सांगा. गोदीत तुम्ही होते कोण?"

"मी? चहा नेत होतो. पायलटची बोट जहाजाले लागे, तिच्यावर."

"अन् तो नियम? कप्तानाच्या कपाचा?"

ते पह्यल्यांदा जवळच्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलले. "नियम कायचा रे. त्यायचं तसंच चाले. गोरा कप्तान, काळा पायलट, कधी उलटं. कपबश्या धुवाचं काम माह्याकडे होतं. इतके साल धुतल्या, एकाही कपाच्या बुडाशी मले जात सापडली नाही. साखर सापडे."

गाडी आली. ते चढले, अन् आतून ओरडले, "ओहोटीत... गेट... उघडं ठेवजा." अख्खी गाडी दचकली.

पुढच्या हंगामात नवे साहेब आले. त्यायले समुद्राचं काही नव्हतं. त्यायनं झेंडे काढले, धक्क्याचे नंबर पुसले, मले टाकीवरच्या खोलीत कागदं ठेवाले सांगतलं. सुदाम पोते उचलाले लागला.

मंग एक दिवस पाटलाची बंडी गेटावर आली. नवे साहेब म्हणाले, या पाटील, सरळ आत. बंडी हलली नाही. पाटील डाव्या हाताची ते कोरडी सपाट जागा पाहत बसले होते. मंग ते म्हणाले, "पायलट कुठी हाय?"

मी टाकीवर होतो. भोंगा तिथीच पडला होता. हात आपोआप गेला.

"कप्तान..." मी नाकातून आवाज काढला, "चहा... तयार... हाय का?"

पाटील भोंग्याकडे पाहून दचकले. साऱ्या यार्डानं मान वर केली, अन् सुदामनं पाठीवरलं पोतं खाली ठेवलं. पाटलानं पिशवीतून एक कप काढला. कोरा, कानाचा, निळ्या फुलायचा. "पायलटसाठी घेऊन आलो," ते म्हणाले. "मुद्दाम. नवा हाय."

सुदामनं तो कप हातात घेतला, फिरवून पाह्यला, अन् डोक्याच्या दुपट्ट्यात नीट गुंडाळला.

"चांगला हाय पाटील. पोरीले नेतो घरी, तिले फुलं आवडतात," तो म्हणाला. "चहा तुमच्या पेल्यात द्या."

पाटील परत खिडकीकडे पाहाले लागले. मी भोंगा खाली ठेवला. नायकाची बंडी बाजूलेच उभी होती, म्हातारा पागोटं सारखं करत म्हणाला, "द्या पाटील. मागं रांग हाय."

गड्यानं पेला पुसला. पाटलानं केटली वाकडी केली.

"साखर," सुदाम म्हणाला.

मी भोंगा तोंडाले लावला. "धक्का... नंबर... एक."